अर्धा ग्रॅम जड

मावशी गेली तेव्हा तिच्या बरणीत सत्तर चकत्या उरल्या होत्या. मोजणी तिच्या नवऱ्याची, म्हणजे काकांची, त्यामुळे शंकेला जागा नाही. भेटायला आलेली माणसं बाहेरच्या खोलीत हळू आवाजात बोलत होती आणि काका आत बसून चिमट्याने एकेक चकती उचलून मोजत होते. लोकांना वाटलं, धक्क्याने डोकं फिरलं. डोकं जिथल्या तिथे होतं. आपल्याकडे किती सकाळी शिल्लक आहेत, एवढंच त्यांना पाहायचं होतं.

चकत्या म्हणजे कापसाच्या गोल चकत्या, चेहऱ्याला ओलावा देणाऱ्या पाण्यात बुडवून ठेवलेल्या. आता बाजारात त्यांना टोनर पॅड म्हणतात आणि डब्यावर एक थेंब काढतात, तोही हसरा. मावशीने बाजाराच्या कितीतरी आधी हा उद्योग सुरू केला होता. घराच्या पुढच्या खोलीत तिचं पार्लर. एक खुर्ची, एक आरसा आणि एक बाक, ज्यावर दोघी बसायच्या आणि चौघींइतकं बोलायच्या. प्रत्येक बाईचा चेहरा चकतीने पुसून झाल्याशिवाय मावशी तिला दाराबाहेर सोडायची नाही. कुठून आणतेस गं हे, असं कुणी विचारलं की म्हणायची, घरचंच आहे.

पार्लर उघडायच्या आधीचं पहिलं तोंड मात्र काकांचं. काका वजनाचे काटे दुरुस्त करायचे, दुकानांतले, दवाखान्यांतले, सोनारांचे. सकाळी सात वाजून दहा मिनिटांनी ते खुर्चीत बसून मान मागे टाकायचे, डोळे मिटायचे, मावशी मागे उभी राहून त्यांचा चेहरा पुसायची आणि म्हणायची, "उठा, तुम्ही गिऱ्हाईक नाही." हे एकतीस वर्षं चाललं. या काळात शहरातले तीन पूल पाडून पुन्हा बांधले गेले, पण सात दहाची वेळ हलली नाही.

आता काका स्वतःच बसायचे, स्वतःच पुसायचे, आणि रोज चकती खाली ठेवून एकच शब्द बोलायचे, "नाही." काय नाही, ते सांगायचे नाहीत.

बरणीत नऊ उरल्या तेव्हा त्यांच्या मुलीने, ताईने, मावसभावाला फोन केला. ताई बसस्थानकावर चौकशीच्या खिडकीत बसायची. बोलताना ती आधी वेळ सांगायची आणि मग विषय. "सोमवारपासून पुढच्या मंगळवारपर्यंत," ती म्हणाली, "त्यानंतर बाबांचं काय करायचं ते मला माहीत नाही. तू तसलंच पाणी बनव. तुझं खातंच आहे ते."

मावसभावाचं खातं ते नव्हतं, पण शेजारचं होतं. तो चेहऱ्याच्या वस्तू बनवणाऱ्या एका कंपनीत लेबलं लिहायचा, म्हणून घरात त्याला लेबल्या म्हणत. बाटलीबरोबर एक घडीचा कागद जायचा, "घटक समजून घ्या" असा मथळा असलेला. तो कागद लेबल्या लिहायचा. कोणता घटक काय करतो, प्रत्येकी एक ओळ. जगात हा कागद कुणीही वाचत नाही हे त्याला ठाऊक होतं, आणि पुरावाही होता. दोन वर्षांपूर्वी त्याच्या हातून एका टोनरच्या कागदावर पॅन्थेनॉल दोनदा छापलं गेलं होतं, एकदा मध्ये आणि एकदा शेवटी. हजारो बाटल्या विकल्या गेल्या. एक पत्र नाही, एक फोन नाही. साहेबांनाही कळलं नाही. पहिला महिनाभर लेबल्या घाबरलेला होता, त्यानंतर दुखावलेला.

रविवारी संध्याकाळी तो काकांकडे गेला. पार्लर तसंच होतं. आरशाच्या कडेला मावशीने खोचलेल्या पिना, खुर्चीच्या हातावर तिचा हात टेकून टेकून गुळगुळीत झालेला पट्टा. लेबल्याला आठवलं, पहिली नोकरी लागली त्या दिवशी तिने त्याला याच खुर्चीत बसवून त्याचं नाक पुसलं होतं, कारण मुलाखतीला जाताना त्यावर शाई लागली होती आणि मुलाखत घेणाऱ्या तिघांपैकी एकानेही सांगितलं नव्हतं. तू लोकांना कागदावर खरं सांगायचं काम करणार ना, मग सुरुवात तुझ्या नाकापासून, असं ती म्हणाली होती. त्याने बरणी हुंगली. थोडा गुलाब आल्यासारखा वाटला. बाकी नुसती मावशी.

एक चकती घेऊन तो सोमवारी कंपनीच्या प्रयोगशाळेत गेला. तिथल्या बाईंनी ती उजेडात धरली आणि सांगितलं की यात काय काय आहे ते खात्रीने शोधायला किमान वीस चकत्या लागतील. उरल्या सात, असं लेबल्याने सांगितल्यावर त्या म्हणाल्या, मग सात चकत्यांत काय नाहीये ते सांगता येईल. लेबल्याने आभार मानले. त्याला वाटलं, काकाही रोज तेच सांगतायत.

मग त्याने अंदाजाने कामाला सुरुवात केली. मावशी घरचं म्हणायची, म्हणजे साधंसुधंच असणार. उकळून गार केलेलं पाणी, गुलाबपाणी, थोडं ग्लिसरीन. बाजारातून कोऱ्या चकत्या आणल्या, बुडवल्या आणि मंगळवारी काकांना नेऊन दिल्या. काकांनी एक तळहातावर घेतली, चेहऱ्याला लावायच्या आधीच म्हणाले, "जड आहे."

"ओली आहे म्हणून, काका."

"ओली असावीच. जड आहे."

नव्वदीतल्या सोनारांनी ज्यांच्या हाताची खात्री दिली होती अशा माणसाशी वाद घालण्यात अर्थ नव्हता. लेबल्या उरलेल्या चकत्या तिथेच ठेवून परत गेला. शुक्रवारी काकांचा फोन आला. एवढंच म्हणाले, की तुझ्या चकत्यांना दाढी आली आहे. पण तोवर लेबल्याला उत्तर मिळालेलं होतं. ते असं मिळालं.

गुरुवारी तो मावशीच्या सगळ्यात जुन्या गिऱ्हाइकाकडे गेला. मास्तरीणबाई म्हणूनच सगळे त्यांना ओळखत. तीस वर्षं शाळेत शिकवून निवृत्त झालेल्या, आणि समोरच्याला उभंच ठेवायची सवय अजून न सुटलेल्या. मावशी त्या पाण्यात काय घालायची, असं त्याने उभ्या उभ्या विचारलं. बाई म्हणाल्या, माहीत आहे की. तिने आम्हा सगळ्यांकडून पाठ करून घेतलं होतं. तोंडाला काय लावून घेताय ते कळायला नको का, असं म्हणायची.

आणि त्यांनी खुर्चीत ताठ बसून म्हणायला सुरुवात केली. पहिलं पाणी. ज्याचं नाव आधी, तो माल सगळ्यात जास्त, हा नियम. म्हणजे बाटली कितीही नटलेली असो, आत मुख्यतः पाणीच, यात लपवाछपवी कुणीच करत नाही, वाचत मात्र कुणी नाही. मग ग्लिसरीन, म्हणजे थोरली जाऊ. आल्यागेल्याला धरून बसवते, पाण्यालाही लवकर उठू देत नाही. पण फार झाली की चिकट वाटते, म्हणून बेताने. मग सोडियम हायलुरोनेट. नाव सरकारी नोटिशीसारखं, स्वभाव धाकट्या दिरासारखा. असतो एवढासा, पण स्वतःच्या वजनापेक्षा कितीतरी जास्त पाणी अंगावर घेऊन उभा राहतो. मग पॅन्थेनॉल, समजूत घालणारी नणंद. कातडी चिडली की शांत करते. अशी नणंद फक्त बाटलीतच मिळते, असं मावशी म्हणायची आणि बाकावरच्या सगळ्या एकदम गप्प व्हायच्या, कारण तिची स्वतःची नणंद बहुतेक वेळा तिथेच बसलेली असायची.

"मग फिनॉक्सीएथेनॉल," बाई पुढे म्हणाल्या, "म्हणजे दारात बसलेला खडूस सासरा. कुणाला आवडत नाही. पण तो आहे म्हणून चोर आत शिरत नाही. ज्या बरणीत पाणी आहे आणि सासरा नाही, तिला चार दिवसांत बुरशी येते."

लेबल्याला आपल्या मंगळवारच्या चकत्या आठवल्या, आणि त्याने मनात सासऱ्यांची माफी मागितली.

"मग चिमूटभर सायट्रिक ॲसिड, आंबटपणा जमवायला. मग नावापुरता सुवास. मग पुन्हा पॅन्थेनॉल."

"पुन्हा?"

"हो. मीही विचारलं होतं. म्हणाली, शेवटी परत एकदा घालावंच लागतं. समजूत एकदा घालून कधी पुरते का?"

लेबल्या आता बसला. बाईंनी बसा म्हटलं नव्हतं.

दर महिन्याच्या पहिल्या तारखेला कंपनी कामगारांना दोन बाटल्या फुकट द्यायची. लेबल्या त्या मावशीला नेऊन द्यायचा. मावशी बाटली घेऊन "बघते" म्हणायची आणि कपाटात टाकायची. त्याला वाटायचं, ती त्याचं मन राखते आणि मागून कुणाला तरी देऊन टाकते. मास्तरीणबाईंकडून तो थेट काकांकडे गेला आणि पार्लरमधलं खालचं कपाट उघडलं. आत धुऊन पालथ्या घातलेल्या रिकाम्या बाटल्या, रांगेत. बाजूला घडीचे कागद, एकावर एक, केसांच्या पिनेने टाचलेले. प्रत्येकावर पेन्सिलच्या खुणा. थोरली जाऊ. धाकटा दीर. पॅन्थेनॉल दोनदा असलेल्या कागदावर दुसऱ्या पॅन्थेनॉलखाली रेघ आणि शेजारी बारीक अक्षरात: हे फार छान केलंय त्यांनी.

तो कागद हातात घेऊन लेबल्या जमिनीवर बसला. जगात त्याचा एक वाचक होता, आणि त्याच्या चुकीलाही त्या वाचकाने कौतुकाने जागा करून दिली होती. काका आत आले, त्यांनी बाटल्या पाहिल्या. लेबल्याने सांगितलं, काका, घरचं म्हणजे हे, माझ्या कंपनीचं. काका म्हणाले, तू घरचाच आहेस की. आणि चहा टाकायला निघून गेले.

आता अडचण संपली होती. शुक्रवारी लेबल्याने त्याच टोनरच्या दोन बाटल्या आणल्या, बाकावर मावशीच्याच पुडक्यातल्या कोऱ्या चकत्या काढल्या, तिच्याच मापाने रचून भिजवल्या. शनिवारी सकाळी ताईलाही बोलावलं. तिची पाळी दहाची होती. काका सात दहाला खुर्चीत बसले, मान मागे, डोळे मिटलेले. लेबल्याने नीट परीक्षा मांडली. पहिली चकती नव्या बरणीतली, दुसरी मावशीच्या बरणीतली, आणि कुठली कुठली ते काकांना सांगायचं नाही.

काकांनी पहिली हातात घेतली, चेहरा पुसला. "जड."

दुसरी घेतली. पुसली. "ही पण."

लेबल्या आणि ताईने एकमेकांकडे पाहिलं. दुसरी मावशीने स्वतःच्या हाताने भिजवलेली होती.

"किती जड?" लेबल्याने विचारलं.

"अर्धा ग्रॅम. दोन्ही."

काकांचा सोनारी काटा कोपऱ्यात झाकून ठेवला होता. लेबल्याने तो काढला आणि दोन्ही बरण्यांतली एकेक चकती तोलली. दोन्ही साडेचार ग्रॅम. म्हणजे काकांना हवी होती चार ग्रॅमची. लेबल्याने एक चकती बोटांत दाबून काट्यावर बरोबर चार ग्रॅम केली आणि त्यांच्या तळहातावर ठेवली.

"ही पिळलेली आहे," काका डोळे न उघडता म्हणाले.

"वजन बरोबर आहे, काका."

"वजन बरोबर आहे. पिळलेली आहे."

लेबल्याची आता पुरती पंचाईत झाली. पाणी तेच, चकती तीच, बरणीसुद्धा मूळची, आणि तरी मावशीची चकती मावशीचीच नाही, असा निकाल लागला होता. असल्या निकालासाठी घटकांच्या कागदावर ओळ नसते. बरणीत तिच्या दोन उरल्या होत्या. काका तसेच मान मागे टाकून बसले होते, घाई नसल्यासारखे, आणि त्या बसण्याकडे पाहून लेबल्याच्या लक्षात आलं की यांना पाणी बनवून नकोच होतं कधी. हे सव्वादोन महिने रोज वाट पाहतायत, आणि कशाची ते सांगायला तयार नाहीत.

शेवटचा उपाय म्हणून तो ताईला म्हणाला, "मावशी काय करायची ते पहिल्यापासून करून दाखव. काही गाळू नकोस."

"मी काय करून दाखवू? शाळेत जाताना दप्तर भरता भरता बघायचे मी."

"जेवढं बघितलंस तेवढं कर."

ताई खुर्चीमागे जाऊन उभी राहिली. पदर खोचल्यासारखा नुसता हात कमरेला लावला, मावशी लावायची तसा. बरणीचं झाकण काढलं, काठावर उलटं ठेवलं. चिमट्याने नवी चकती उचलली, बरणीच्या तोंडाशी एकदा टेकवून थेंब गाळला. आणि चकती काकांच्या कपाळाकडे न जाता तिच्या स्वतःच्या गालाकडे गेली. डावा गाल, कपाळ, उजवा गाल, हनुवटी. सवयीचं काम करावं तसं, इकडेतिकडे न बघता. मग तिने चकती उलटी केली.

इथे तिचा हात थांबला. आरशात तिला लेबल्याचा चेहरा दिसला आणि आपण काय केलं ते कळलं. तिला कुणी शिकवलं नव्हतं. तिने नुसतं बघितलं होतं, पंधरा वर्षं, दप्तर भरता भरता. एकच चकती, एका बाजूने आधी मावशी, दुसऱ्या बाजूने मग काका. दोन कशाला भिजवायच्या, एका तोंडाला कुठे एवढं पाणी लागतं, असं मावशीने नक्कीच कधीतरी स्वतःशी म्हटलं असेल.

लेबल्याने मानेनेच खूण केली, पुढे चालू ठेव. ताईने चकतीची दुसरी बाजू काकांच्या कपाळावर ठेवली.

काका "जड" म्हणाले नाहीत. कपाळ झालं, गाल झाले, नाकाच्या कडा झाल्या. बाहेर कुणाचं तरी दुकानाचं शटर वर गेलं. पुसून झालं तरी काका तसेच बसून राहिले. मग मिटल्या डोळ्यांनी म्हणाले,

"तू पावडर लावली होतीस."

"थोडीशी," ताई म्हणाली.

"ती आधी लावायची नाही. आई नंतर लावायची."

ताई खुर्चीला वळसा घालून समोर आली. "बाबा, तुम्हाला माहीत होतं?"

"मी जन्मभर काटे लावले," काका म्हणाले. "रोज अर्धा ग्रॅम कुठे जातो ते मला कळणार नाही?"

"मग हा आठवडाभर वणवण फिरतोय, त्याला सांगायचं नाही का?"

"काय सांगू? मला कुणीतरी वापरलेली द्या म्हणून?"

ताईला हसू येत होतं आणि ते तोंडापर्यंत पोचेपर्यंत दुसरंच काहीतरी होत होतं. लेबल्याने काट्यावरचं झाकण उगाच काढून पुन्हा घातलं. काकांनी आता डोळे उघडले होते, पण आरशात न बघता ते बरणीकडे बघत होते.

"तिलाही कधी बोललो नाही," ते म्हणाले. "बोललो असतो तर लाजली असती. दुसऱ्या दिवसापासून दोन वेगळ्या काढल्या असत्या."

ताईने हातातली चकती टाकायला पुढे केली, मग टाकली नाही. ती आता कोमट झाली होती आणि जवळजवळ कोरडी. तिने विचारलं, कशी होती? काकांनी प्रश्न नीट ऐकून घेतला आणि काटा तपासून झाल्यावर गिऱ्हाइकाला सांगत तसं सांगितलं.

"ओलावा बरोबर होता. माणूस दुसरं होतं. पण ओलावा बरोबर होता."

मग ते उठले, दोन्ही बरण्या जवळजवळ ठेवल्या आणि लेबल्याला म्हणाले की तिच्या दोन उरल्या आहेत, त्यांच्यावरच तुझ्या सगळ्या टाक आणि बरणी एकदा हलव. लेबल्या म्हणाला, काका, मग मावशीच्या कुठल्या ते ओळखू येणार नाही. पाणी एक, चकत्या एक, वजनही एक.

"तेच म्हणतोय मी."

लेबल्याने टाकल्या. बरणी हलवली. तिच्या त्या दोन एकदा काचेपाशी दिसल्या, किंवा दिसल्यासारख्या वाटल्या, आणि मग सगळं पांढरंच झालं. काकांनी झाकण घट्ट लावलं. ताई घड्याळ बघत म्हणाली, की तिला साडेनऊची बस आहे, आणि रोज सकाळी सात दहाला इथे पोचायचं तर पाच चाळीसची धरावी लागेल, ती कधी सुटते आणि कधी सुटतच नाही हे तिच्याइतकं कुणाला माहीत नाही.

"रोज कोण म्हणतंय," काका म्हणाले. "रविवारी ये. बाकीचे सहा दिवस मी जड चालवून घेईन."